गार्टरचा पूर्वपक्ष

पेंडल हिल, १४ ऑगस्ट २०२१, शनिवार
लॉकडाउन पुन्हा वाढला. मला एकटेपणा वाटत नाही. तर्कशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकास तो वाटण्याचे कारण नाही. मात्र वादास प्रतिवादी लागतो. मुलगा विक्रांत एका खोलीत हेडफोन लावून, सून मयूरा दुसरीत, नात ओवी तिसरीत.
आज ओवीने आपण होऊन विचारले, शाळेसाठी घराण्याची ढाल काढायची आहे, अशी चिन्हे कोण ठरवतो? उत्तर ऐकण्याआधी गेली.
संकल्प: उद्या जेवणानंतर सर्वांसमोर व्याख्यान. विषय: इंग्लंडमधील प्रमुख चिन्ह-अधिकाऱ्याची 'गार्टर किंग ऑफ आर्म्स' ही पदवी, तिचा अर्थ व उगम.

१५ ऑगस्ट
सिद्धान्त पक्का. 'किंग' म्हणजे राजा नव्हे, चिन्ह-अधिकाऱ्यांचा मुख्य. 'गार्टर', म्हणजे पायाला बांधायचा पट्टा, हे नाव त्याच नावाच्या सरदारमंडळावरून आले. मंडळाच्या चिन्हातला पट्टा बहुधा चिलखताचा.
मयूराला कॉल आला. व्याख्यान पुढे ढकलले.

१७ ऑगस्ट
विक्रांत म्हणाला, "बाबा, गुगलवर असेल ना ते?" गुगल प्रतिवाद करत नाही, असे सांगितले. "नो वरीज, शनिवारी करू." श्रोत्यांची उत्सुकता वाढत आहे.

२१ ऑगस्ट, शनिवार
व्याख्यान झाले. शास्त्राप्रमाणे आधी पूर्वपक्ष, तोही प्रतिपक्षाने स्वतः मांडला नसता इतका भक्कम: दरबारी नृत्यात एका सरदारपत्नीचा मोज्याचा पट्टा गळून पडतो, दरबारी खिदळतात, राजा तो उचलून स्वतःच्या पायाला बांधतो. ओवी ओरडली, "नो वे!" मयूराने फोन उलटा ठेवला. विक्रांत चक्क हसला.
खंडनापूर्वी पाणी प्यायलो. पेला खाली ठेवला तेव्हा टेबल आवरलेले होते. स्वयंपाकघरातून मयूरा म्हणाली, "बाबा, काय मस्त रंगवलंत!"

२२ ऑगस्ट
उत्तरपक्षासाठी सर्वांना पाचारण केले. विक्रांत: "काल संपलं ना, बाबा? एंडिंग परफेक्ट होता."

२३ ऑगस्ट
ओवीने ऑनलाइन वर्गात ती कथा सांगितली. 'माझे आजोबा म्हणतात' अशी सुरुवात केली. शिक्षिकेने टाळ्या वाजवल्या. माझ्या नावावर आता असे मत आहे, जे खोडण्यासाठीच मी मांडले होते.
संकल्प: उद्या दुरुस्ती. सवलत नाही.

२४ ऑगस्ट
दुपारी ओवी माझ्या खोलीत आली. न बोलावता. पलंगावर मांडी घालून बसली. "आजोबा, डान्सवालं परत सांगा ना."
संधी उत्तम होती. चष्मा लावला. पुरावे क्रमाने मनाशी जुळवले. तिने माझी उशी ओढून मांडीवर घेतली.
मी म्हणालो, पट्टा निळा होता.
"आणि तिचा ड्रेस?"
तोही सांगितला. तिने नाचणाऱ्यांची नावे विचारली. तीही दिली, एकूण एक.
त्यांपैकी एकही मला ठाऊक नव्हते.