लाल बावट्याचं पान

३ मार्च
पायांचे तुकडे पडले! बंदराच्या जुन्या गोष्टी गोळा करत दिवसभर धक्क्यावर. पुस्तक वाचनालयाचं, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला मी! सात म्हाताऱ्यांना भेटले. प्रत्येकाच्या आजोबांनी म्हणे एकट्यानं धक्का बांधला.

५ मार्च
आज ती गोष्ट आलीच. लाल बावटा वर असला की बोटीनं आत यायचं नाही, हा इथला नियम. त्या दुपारी समुद्र शांत, तरी बावटा वर. माणसांनी भरलेली बोट बाहेरच थांबली. संध्याकाळी वारा सुटला, बोट खडकावर आपटली. नऊ जण गेले.

"बावटेवाला पिऊन पडला होता हो, उतरवायचं विसरला!" म्हातारा तांडेल रंगात आला होता. मग माझ्याकडे बघून ओशाळला. बावटेवाला म्हणजे माझे बाबा. मी तेव्हा तीन महिन्यांची.

लिहून घेतलं. दुसरं काय करणार?

६ मार्च
शाळेत मला 'बेवड्याची पोर' म्हणायचे. बाबांनी कधी नाकारलं नाही. "चूक माझीच" — एवढंच. त्यांना प्यायलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. शेवटची सहा वर्षं त्यांच्याशी बोलले नाही. ते गेले तेव्हा रडू आलं नाही, नुसता थकवा आला. तो अजून गेलेला नाही.

८ मार्च
डोकं ठणकतंय. आज काही नाही.

९ मार्च
तांडेलाच्या गोष्टीचं ते पान आईला वाचून दाखवलं. बाहेरून कानावर येण्यापेक्षा घरातून बरं.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "बावटा मी चढवला होता."

खाऱ्या हवेनं बावटा कुजतो. म्हणून गोड्या पाण्यात धुऊन अंगणात वाळवायचा — काठीवर कधीच नाही! पण दोरी माझ्या दुपट्यांनी भरलेली. बाबा रात्रपाळी करून झोपलेले. बोटीची वेळ संध्याकाळची, ती त्या दिवशी लवकर आली.

"म्हटलं, वर उन्हात अर्ध्या तासात सुकेल. तू रडायला लागलीस. तुला घेऊन आडवी झाले, डोळा लागला."

बाबांनी तिला तोंडच उघडू दिलं नाही. "पदरात तान्हं पोर आहे तुझ्या. लोक फाडून खातील."

"आता लिही," आई म्हणाली. "आता मला कोण खातंय?"

१० मार्च
नवं पान छापखान्यात दिलं. आईच्या नावानिशी, तिच्याच हट्टानं. परतताना आईला विचारलं, "मग बाबांची दारू?"

"ती त्यानंतर सुरू झाली गं."