ताकेजींच्या अस्थी परत नेण्याबाबत

मी, हिरोसे कियो, वय एक्क्याऐंशी, राहणार उवाजिमा, तातामी चटयांचे कारागीर कै. हिरोसे ताकेजी यांची पत्नी, हे स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही.

१. राहतं घर व पोस्टातली शिल्लक मुलगी चिहारू हिला. दुकानाची पाटी तिनं खुशाल उतरवावी. चटया शिवायला आता आहे कोण?

२. ह्यांचे रुंद सुरे व दाभण नणंद मित्सुएवन्सं यांना. त्यांच्या वडिलांची हत्यारं आहेत ती. मागितली तेव्हा मी "गंजली" म्हणून सांगितलं. धादांत खोटं! दर महिन्याला तेल लावते आहे.

३. पायपेटी चर्चला. पाळक कुबोता यांनी ती उन्हात ठेवू नये.

४. आता मुख्य. आम्ही चर्चमध्ये जेमतेम आठ-दहा माणसं. दर बुधवारी साऱ्या जपानसाठी प्रार्थना व्हायची, मग ख्रिस्ताकडे न वळलेल्या नवऱ्यांची नावं मोठ्यानं वाचायची. ह्यांचं नाव एकतीस वर्षं वाचलं. हे हसायचे. "बुधवारी सात वाजले की मला शिंका सुरू! घेतलंत ना माझं नाव?"

मी म्हणायची, "मग या की एकदाचे."

"नको गं बाई. मला बुद्धाच्या देवळामागे आईबाबांजवळ ठेव. तिथं ओळखीची माणसं आहेत."

इस्पितळात शेवटच्या दिवशी मी पेल्यातलं पाणी ह्यांच्या कपाळाला लावलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले. विचारलं, "मान्य ना?" ह्यांनी माझा हात बाजूला सारला. दोनदा. अंगात त्राण नव्हतं, तरी सारला. मी कुबोतांना सांगितलं, "मान डोलावली." त्या बुधवारी नाव खोडलं. सगळ्या बायका माझे हात धरून रडल्या, आणि मीही रडले. देवाकडून उत्तर येईना, म्हणून मीच देऊन टाकलं. मला त्याची लाज वाटते.

अस्थी चर्चच्या सामाईक थडग्यात गेल्या. मित्सुएवन्सं सर्वांसमोर म्हणाल्या, "वहिनी, दादा हो म्हणालाच नसेल."

मी म्हटलं, "तुम्ही होतात का तिथं?"

अकरा वर्षं झाली, त्यांनी आमचा उंबरा ओलांडलेला नाही.

५. म्हणून ह्यांच्या अस्थी तिथून काढून देवळामागे, हिरोसे घराण्याच्या थडग्यात न्याव्यात. नगरपालिकेचा परवाना चिहारूने काढावा. भिक्षू सूत्रं म्हणतील. आपल्या चर्चमधल्या कुणी मध्येच भजन सुरू करू नये. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

६. माझं काय करायचं ते मला ठरवता येत नाही. श्रद्धा सुटलेली नाही. ह्यांच्याशेजारी असावं असं फार वाटतं, पण तो हात आठवतो. मला तिथं जागा द्यायची की नाही हे मित्सुएवन्सं ठरवतील. नाही म्हणाल्या तर मला चर्चच्या थडग्यात ठेवा, आणि त्यांची समजूत घालायला कुणी जाऊ नये.

वरील सर्व मी शुद्धीत लिहून, वाचून, शिक्का उमटवला आहे.

हिरोसे कियो
उवाजिमा, १२ नोव्हेंबर २०१९

साक्षीदार:
१. कुबोता शिन्या, पाळक. (कलम ४ दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मीच ताकेजींना विचारायला हवं होतं," आणि सही केली.)
२. निनोमिया फुसाए, शेजारीण.

कलम ६ वर मित्सुए यांनी प्रत परत पाठवताना स्वहस्ते लिहिलेला शेरा:
"दादाला न्यायला शनिवारी येते. तुमचं काय ते आत्ता सांगणार नाही. थांबा, वहिनी."