खात्रीपुरता तुकडा

३ जून
सॉरी. मार्चपासून इथे एक ओळ नाही. आळस नव्हे (विचार करून लिहितोय), काम. संग्रहालयातल्या माझ्या कपाटात, मागच्या रांगेतल्या बरणीत, स्पिरिटमध्ये एक मऊ प्रवाळ सापडलं. उष्ण समुद्रातलं, फिकट, बोटाएवढं. ही जात अजून कुणी नोंदवलेली नसावी. नसावी म्हणजे, जवळजवळ नाहीच.
मॅडमना सांगितलं. विभागप्रमुख, पूर्वी माझ्या हाताखाली होत्या. म्हणाल्या, महिनाअखेर लेख द्या, नाहीतर कपाट जाईल आणि तिथे प्रिंटर बसेल. महिना म्हणजे भरपूर.

५ जून
मऊ प्रवाळ बाहेरून ओळखता येत नाही. अंगात चुन्याचे बारीक काटे असतात, त्यांच्या आकारावरून जात ठरते. नखाएवढा तुकडा ब्लीचमध्ये टाकायचा. मांस विरघळतं, काटे उरतात. घरून ब्लीच नेलं. मायक्रोस्कोपखाली काटे अप्रतिम. जात नवीन!
बायकोला म्हटलं, तुझं नाव देणार. तिने फोटो पाहिला. उकडलेला फ्लॉवर दिसतोय, म्हणाली, करतं काय हे दिवसभर? म्हटलं, एका जागी चिकटून बसतं, तोंडाशी येईल ते खातं. मग तुमचंच नाव द्या, म्हणाली, शोभेल.

९ जून
पहिला तुकडा शेंड्याचा होता. बुडाचे काटे वेगळे असले तर? घाई हाही एक अप्रामाणिकपणाच. बुडाचा छोटा तुकडा घेतला. काटे तेच. आता शंका नाही. लेख उद्या सुरू.

१४ जून
लेख सुरू नाही. मधल्या भागाचं काय?

१५ जून
मधला भागही तसाच. शेंडा मात्र पुन्हा बघितला. त्या दिवशी जुना चष्मा होता.

२० जून
बायको म्हणाली, बाथरूमच्या फरशा हिरव्या पडल्या आणि ब्लीच पोवळ्याच्या घशात; तुमची खात्री होईस्तोवर माझा पाय मोडेल.

२६ जून
लेख झाला! फक्त एक वाक्य टोचतंय : 'काटे सर्वत्र सारखे.' सर्वत्र? मी सर्वत्र पाहिलंय? राहिलेला भाग फारसा नव्हताच. पाहिला. आता या वाक्यावर बोट ठेवणारा जन्मायचाय.

३० जून
मॅडम स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, सर, लेख खरंच चांगला आहे, कपाट वाचलं समजा. नवी जात जाहीर करायची तर मूळ नमुना जपून ठेवावा लागतो, तेवढी बरणी द्या.
दिली. त्यांनी ती उजेडात धरली, फिरवली. सर, यात नुसतं स्पिरिट आहे.
म्हटलं, काटे आहेत ना सगळे.
म्हणाल्या, मासा खाऊन काटे दाखवल्यासारखं झालं हे. मग खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, नमुना राखायचा असतो हे मला तुम्हीच शिकवलं होतंत.
घरी बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, जात नवीनच होती, पक्की. तिने पाण्याचा पेला पुढे केला.
उद्या : प्रिंटरसाठी कपाटाच्या जागेचं माप घेणे. दोनदा.