कोंडाजी गुडघे टेकणार नाही

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

नाही म्हणजे नाही! कोंडाजी गुडघे टेकणार नाही!

आमच्या चर्चमधल्या मंडळीच्या प्रकाशन समितीने माझी कादंबरी परत पाठवली. वीस प्रकरणं, आणि प्रत्येक पानावर विनीत सरांची लाल शाई. सर निवृत्त हेडमास्तर, माझं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटतं, मान्य. पण शेरे काय! ‘इथे प्रार्थना घाला.’ ‘इथे पश्चात्ताप.’ कोंडाजीची सून विहिरीवर पाणी शेंदते, तर समासात येशूचं ‘जिवंत पाणी?’ अहो, तिला भात टाकायचाय!

शेवटी लिहिलंय – ‘दर प्रकरणात किमान एक वचन हवे. मग ईस्टरला छापू.’ वचन म्हणजे बायबलमधली ओळ.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कोंडाजी बारवी धरणाकडचा ख्रिस्ती शेतकरी. बायको गेल्यापासून देवाशी बोलत नाही. तो कुठून आला ते इथे लिहायला हरकत नाही. आमचे आण्णा, माझे वडील.

आई आजारी होती तेव्हा मंडळीतले घरी येऊन सांगायचे, “विश्वास ठेवा आण्णा, उठेल ती.” नाही उठली. पाच वर्षं झाली, आण्णा चर्चची पायरी चढलेले नाहीत. जेवताना मी देवाचे उपकार मानते, तेव्हा ते ताटाकडे बघत बसतात. असा माणूस मी दोन पानांत सरळ करून दाखवू?

मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नाही. संध्याकाळी कामावरून आले की मी एकेक प्रकरण वाचून दाखवते. ते “हं” म्हणतात. बस.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कारखान्यात नरेंद्रसेठ चेकिंगच्या टेबलावर येऊन ओरडला. “भावना, ये धागा बाहर क्यूं दिख रहा है? पूरा माल वापस आएगा!” जीन्स उलटी करून आतली शिलाई दाखवली – “मजबूती इधर रखने का.”

सरांना आणून उभं करायला हवं होतं तिथे.

९ फेब्रुवारी, रविवार

सुचलं! वचन हवंय ना? देते! दर प्रकरणात एक!

१६ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर समिती बसली. सरांनी पानं उलटली, चष्मा पुसला, पुन्हा उलटली. “वचन कुठाय? एक पण दिसत नाही.”

“आहे की सर. पाचव्यात कोंडाजी सुनेला वचन देतो, तुझं बाळंतपण होईपर्यंत मी कुठे जाणार नाही. आणि जात नाही. सहाव्यात भावाला देतो, ते मोडतो.”

समितीतली तेजल फिस्सकन हसली. सर हसले नाहीत. “वचन म्हणजे शास्त्रातलं, भावना. चेष्टा नको.”

“चेष्टा नाही सर. देवानं शब्द दिला म्हणून तर आपण त्याला वचन म्हणतो ना? तो पाळतो की नाही, हेच कोंडाजी बघतोय!”

सर हळूच म्हणाले, “बरं. सगळं राहू दे. शेवटी फक्त एक ओळ प्रार्थना. नाहीतर ईस्टरला नाही.”

“मग नको.”

ताठ मानेनं बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर कादंबरीची पानं मांडीवर घेतली. मला हवं होतं ते पुस्तक. पहिल्या पानावर आईचं नाव हवं होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रडले नाही. (खोटं. रडले. पण शब्द बदलणार नाही!)

१९ फेब्रुवारी, बुधवार

आण्णांना शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. “हं” आलं नाही. म्हणाले, “चुकलंय.”

“काय चुकलं?”

“तो प्रार्थना करत नाही, असं कोणी सांगितलं तुला? मी रोज करतो. भांडतो देवाशी, मोठ्यानं. तू कामाला गेलीस की. लोकांसमोर केली असती, तर म्हणाले असते, आण्णा सुधारले.”

पाच वर्षं. मी जिना उतरत असेन, तेव्हाच सुरू होत असणार. आणि मला वाटत होतं, मी या माणसाला ओळखते!