बेशरमाचं झुडूप

१२ जानेवारी, सोमवार
बायकोला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आलो. या वेळी नवीन डॉक्टरबाई. वयानं लहान, पण घाई नाही. हिला विचारलं, झोप कशी आहे, जेवण जातं का. ही भिंतीकडे पाहत बसली. मग मीच बोललो. पोळा झाला अन् आमचा निखिल गेला, तेव्हापासून असंच. घरात दोन माणसं आणि एक रेडिओ, त्यातला रेडिओच काय तो बोलतो.

मला बाहेर नेऊन विचारलं, "त्या कधी जिवाचं बरंवाईट करायचं बोलतात का?" म्हटलं, काहीच बोलत नाही तर तेवढंच एक कशी बोलेल. नंतर असं फटकन बोलल्याचं वाईट वाटलं. भीती मलाही तीच आहे. म्हणून तर हिला एकटी टाकून कुठं जात नाही.

"आधी काय आवडायचं त्यांना?" गाणी. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बायका हिला मुद्दाम बोलवून न्यायच्या. चिखलात वाकल्या वाकल्या ही गाणं उचलायची, बाकीच्या मागून ओढायच्या. डॉक्टरबाई म्हणाली, गोळ्या चालूच ठेवा, पण नुसत्या गोळीनं माणूस उठून बसत नाही. माणसांत जाऊ द्या, मोकळ्यावर जाऊ द्या, हाताला काम द्या. "तुमच्या गावातल्या बायका तलाव साफ करतात ना? सिस्टर सांगत होत्या. तिथे पाठवा." अन् चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली तेही लिहून दिलं. बायकांसोबत तलावावर, आठवड्यातून तीनदा.

तलाव! तिला बिचारीला काय माहीत. मी तोंड उघडणार तेवढ्यात ही म्हणाली, "जाईन."

इतक्या महिन्यांनी हिचा आवाज ऐकला. माझं तोंड तिथंच मिटलं.

औषधाच्या दुकानात पोरानं चिठ्ठी उलटसुलट केली. "हे खालचं आपल्याकडं नाई भेटत, भाऊ." सगळे हसले. मीही हसलो.

१५ जाने., गुरुवार
गेली. कौशल्याबाई घ्यायला आली होती. बायकांच्या गटाची पुढारीण, जिभेला हाड नाही, पण मन साफ. दारात थबकली. आजवर सारं गाव हिला 'निखिलची माय' म्हणायचं, आता काय म्हणावं ते कुणाला कळत नाही. जरा वेळानं म्हणाली, "चाल व मंदा." ही उठली.

तलावात बेशरमाचं रान माजलंय. मासा राहत नाही, जाळं जात नाही. बायका ते मुळापासून उपटून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, वाळवतात अन् जाळतात. त्याच बेशरमात निखिल गेला. डोंगा कलंडला, पाय जाळ्यात अडकला अन् जाळं बेशरमात. पाण्यातच वाढलेलं पोरगं. मी एसटीत कंडक्टरकी केली, त्याला मात्र काकासारखं तलावावरच राहायचं होतं. त्या काकानंच, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, रामाभाऊनं, त्याला बाहेर काढलं. मी पाळीवर उभा होतो.

त्या दिवसापासून मी पाळीवर पाय ठेवलेला नाही. बाजारालाही शेतातून वळसा घालून जातो. अन् बायकोला मात्र तिथंच पाठवलं आज.

२ फेब्रु., सोमवार
हात काळे, नखांत चिखल, पाठ धरलेली. भात दुसऱ्यांदा मागून घेतला. मी ताटाकडे पाहत नाही असं दाखवलं.

पडल्या पडल्या झोप. घोरणं सुद्धा.

१९ फेब्रु., गुरुवार
शेतात हरभरा पाहायला गेलो होतो. तलावाकडून बायकांचा आवाज आला. आधी ओळखलाच नाही. मग ओळखला. ही!

पानी उतरलं बाई, पानी उतरलं खाली,
माह्या लेकाची वाट गो कोनं अडवून धरली.

बाकीच्या मागून ओढत होत्या. हे गाणं आधी कधी ऐकलेलं नाही. हिनंच जुळवलं असणार. मी बांधावर बसलो. रडू आलं तर येऊ द्यावं असं वाटलं, पण आलं नाही.

संध्याकाळी म्हटलं, गात होतीस म्हणे. "हो." एवढंच. तिथं गाणं अन् घरी 'हो'. सिरोंचा गाडीवर असताना चार चार दिवस घरी नसायचो, तेव्हाही ही माझ्याशी याहून जास्त बोलायची. लिहायला लाज वाटते, पण त्या बायकांचा हेवा वाटला मला.

५ मार्च, गुरुवार
दवाखाना. होळीला घरात गोडधोड केलं नाही, पण ही बायकांसोबत बसून आली, तेही सांगितलं. डॉक्टरबाई खूश. मग मला राहवलं नाही, निखिल कुठं गेला ते सांगून टाकलं. तिचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलंच नाही. मीही विचारलं नाही. चुकलं माझं." मग हिच्याकडे वळली. "मावशी, बंद करायचं का जाणं?"

ही म्हणाली, "काऊन बंद? थे बेशरम मी माह्या हातानं काढून राह्यली."

डॉक्टरबाईनं चिठ्ठीवरची ती ओळ तशीच राहू दिली.

निघताना डॉक्टरबाईनं मला विचारलं, "आणि काका, तुमचं काय? तुम्ही कुणाशी बोलता?" म्हटलं, मी ठणठणीत आहे. रक्तदाब मोजला तर तो काही ठणठणीत निघाला नाही.

२७ मार्च, शुक्रवार
पाणी बरंच उतरलंय. उगवतीची बाजू जवळजवळ मोकळी झाली म्हणतात. आज तिथं काहीतरी बिनसलं. मोहाच्या झाडासमोर बेशरमाचं एक मोठं झुडूप आहे, त्याला ही कुणाला हात लावू देत नाही. समोर उभी राहिली म्हणे. "हे राहू द्या."

का, ते कुणी विचारलं नाही. मोहाखाली निखिलच्या चपला सापडल्या होत्या, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

११ एप्रिल, शनिवार
कौशल्याबाई सकाळीच आली, ही मोहफुलं वेचायला गेली ते पाहून. बसायला सांगितलं तर उभ्यानंच बोलली.

"भाऊ, मले वाईट वाटते बोलाले. पन एक झुडूप ठेवलं का सालभरात सारा तलाव भरते परत. कांडी तुटली, पान्यात गेली का थिथी रुजली. आमची सारी मेहनत पान्यात. बरसातीत मासोळीचं बी सोडाचं हाये. तुमी समजवा तिले."

"ती काय करते तिथं?"

"बसते. बोलते त्याच्यासंगं. का खाल्लं, कोन आलं. आमी दूर राह्यतो."

घरी माझ्याशी दोन शब्द नाहीत अन् झुडपाशी अख्ख्या दिवसाचा हिशोब.

कौशल्याबाई गेली अन् मी आत येऊन बसलो. जे तिला सांगितलं नाही ते इथं लिहितो. निखिलचा जीव मोहासमोर गेलाच नाही. चपला तिथं काढल्या, डोंगा तिथून लोटला, पण गेला तो पार तुडुमाजवळ, जिथून शेताला पाणी सोडतात त्या दगडी मोरीपाशी. ही त्या दिवशी गोंडपिपरीला बहिणीकडे होती. आली तेव्हा त्याला अंगणात ठेवलेलं. जागा हिला कुणी दाखवली नाही, हिनं विचारली नाही. चपलांवरून हिनंच ठरवून घेतली.

अन् तुडुमाजवळचं बेशरम बायकांनी फेब्रुवारीतच काढलं. मी गाणं ऐकलं त्या दिवशी त्या तिथंच होत्या. ती जागा हिनं स्वतःच्या हातानं साफ केली, गात गात, अन् हिला पत्ता नाही.

१३ एप्रिल, सोमवार
रामाभाऊकडे गेलो. तो जाळं विणत होता. त्याला अन् मलाच नेमकी जागा ठाऊक आहे. त्या सकाळी पाळीवर तिसरं कुणी नव्हतं.

"सांगू का रे तिला?"

त्यानं जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. "सांगशीन तं थे झुडूप सोडन. मंग कुठी बसन थे? थिथी तं आता नुसतं पानी हाये."

"अन् नाही सांगितलं तर बायका तिला गटात ठेवणार नाहीत."

"मले नोको विचारू. मी त्याले काढलं, तेवढंच पुरे हाये मले." जाळं बाजूला सारून आत निघून गेला. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

२ मे, शनिवार
व्हायचं ते झालं. गटात भांडण. एक जण म्हणाली म्हणे, एका रडकीसाठी साऱ्या गावानं तलाव सोडायचा का. कौशल्याबाईनं तिला झापलं, पण शब्द हिच्या कानावर पडलाच होता. ही घरी आली, पाय न धुता खाटेवर पडली. तोंड भिंतीकडे.

गोळ्या घेते. मी हातावर ठेवतो म्हणून.

९ मे, शनिवार
तीच गत. भात तसाच. काल मी आंबा कापून दिला, त्यावर माश्या बसल्या. उन्हं मरणाची, घर तापतं, पण ही दार लावून घेते. जानेवारीत होती त्याहून खोल गेली आहे. तेव्हा निदान वर येणं काय असतं ते पाहिलेलं नव्हतं. मी पुन्हा घराबाहेर पडायचं बंद केलंय. दूध रामाभाऊची सून आणून देते.

डॉक्टरबाईला फोन केला. म्हणाली, उद्या रविवार असला तरी घेऊन या, गोळीचं बघू. मग म्हणाली, "काका, तुम्ही एकदा त्यांच्यासोबत तिथे गेलात का?"

म्हटलं, नाही.

"मग हे औषध तुमच्याही चिठ्ठीवर लिहायला हवं होतं."

राग आला. फोन ठेवला. राग अजून आहे, पण तिच्यावर नाही.

१० मे, रविवार
दवाखाना. गोळी वाढवून दिली. परतीच्या गाडीत ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी हललो नाही, पाय बधिर झाला तरी.

१४ मे, गुरुवार
कौशल्याबाई आली. खाटेच्या पायथ्याशी बसली. "मंदा, झुडूप हाये थिथीच. कोनंच हात नाई लावला. तू म्हनशीन तवाच." ही उठून बसली.

दारात कौशल्याबाई माझ्यावर घसरली. "भाऊ, पोट्टा का तिच्या एकटीचाच होता? तुमी काऊन नाई येत?"

मी आत वळलो. साऱ्या एसटीला उत्तरं देण्यात जन्म गेला.

१६ मे, शनिवार
संध्याकाळी मी म्हटलं, "उद्या मी पण येतो."

ही माझ्याकडे पाहत राहिली. "पाळीवर?"

"हो."

"मंग सकारीच जाऊ. मंग ऊन तापते." सहा शब्द. मोजले मी.

जागा सांगायचीच असं ठरवलंय. खोट्यावर काही उभं राहत नाही. तलाव गावाचा आहे, माझ्या एकट्याच्या दुःखाचा नाही.

१७ मे, रविवार
गेलो. पाळीच्या पायथ्याशी मी थांबलो. हिनं हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गावासमोर कधी हात धरला नव्हता.

पाणी पार आत गेलंय. मोहासमोर गुडघाभर पाणी अन् चिखल, त्यात ते झुडूप. जांभळट फुलं आलेली. बायका लांब उभ्या, कुणी जवळ आली नाही. ही आत उतरली, मी मागून. हिनं एका कांडीवर हात ठेवला, निखिलच्या पाठीवर ठेवायची तसा. मग मला विचारलं, "इथीच ना?"

सांगायचं ठरवूनच आलो होतो. शब्द तयार होते. तोंड उघडलं अन् म्हणालो, "हो. इथीच."

ही माझ्याकडे पाहत राहिली. खरं वाटलं की नाही, देव जाणे. बत्तीस वर्षं माझा चेहरा वाचत आली आहे.

"मंग तुमी धरा इकून," म्हणाली. "एकटीनं नाई निघत होतं. म्हनून ठेवलं होतं."

दोघांनी ओढलं. मूळ सुटेना. मी चिखलात बसलो, हीही बसली, अन् मला रडू फुटलं. पाळीवरून सगळ्या पाहत होत्या, तरी थांबलं नाही. ही पाठीवरून हात फिरवत होती. "रडा," म्हणाली, "इथी कोनी का म्हनत नाई." अर्धं झुडूप निघालं. अर्धं राहिलं, ताकदच उरली नाही.

येताना पाळीवरूनच आलो. तुडुमाजवळ ही थांबली, दगडांवर उतरली अन् हातपाय धुवायला लागली. निखिल गेला नेमकी तीच जागा, मी वरच उभा राहिलो. म्हणाली, "इथी पानी गार हाये. तुमीबी धुवा."

मी खाली उतरलो. पाय धुतले. तोंडावरही पाणी घेतलं, डोळे दिसू नयेत म्हणून. ही शेजारच्याच दगडावर बसून पाण्यात पाय हलवत होती. सांगावं की नाही, अजून ठरत नाही. उरलेलं अर्धं उद्या काढायला जायचं आहे, दोघांनी.