नानांच्या श्वासाइतका झोत

तीर्थरूप नाना,
पाया पडते. बंगळुरूत माझं बरं चाललंय, जेवते वेळेवर. फक्त इथल्या वांग्याच्या भाजीला चव नाही.

तुम्ही विचारलं होतं, "तुन्हं यंत्र तयार शे का?" म्हणजे श्वास मोजायला पहूरहून जळगावला जायला नको.

यंत्रात तिळाहून लहान चकतीवर एक तार तापलेली असते. श्वास लागला की ती निवते. किती निवली, त्यावरून श्वास कळतो. माझा श्वास ती अचूक सांगते. पण जळगावच्या दवाखान्यात तुमचा जेवढा मोजला, तेवढा मंद झोत सोडला की तिला कळतच नाही. तिच्याच उबेनं हवा त्याहून जास्त हलते. तार बदलली, नळी बारीक केली, तरी तेच. काल आमच्या कंपनीचे सर म्हणाले, "रूपा, पुरे आता. पळायला जाणाऱ्यांसाठी हे उत्तम आहे, त्यांनाच विकू."

नाना, तुम्ही जिना चढू नका. दाळमिलच्या धुळीकडे तर फिरकूसुद्धा नका. निजताना माय डोक्याखाली दोन उशा देते ना?

परवा फोनवर तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. माय म्हणाली, रेंज नव्हती. खरं सांगा, रेंज नव्हती की तुम्हाला दम लागला होता?

तुमची लेक,
रूपा