कैलासचा फोन

११ ऑक्टोबर
आज तुंगार्लीत राहायला आले. बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या, आणि गॅलरीतून तळ्याचा एक तुकडा दिसतो. राखणीला असलेले विठ्ठलभाऊ आणि त्यांची बायको झुंबरमावशी आवारातच राहतात. मावशींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणली. यशोधरा हे नाव तोंडात बसेना म्हणून मला 'यशा' करून टाकलं.

दुपार राउटरमध्ये गेली. माझं काम विम्याचे कॉल घेण्याचं, नेट तुटलं की पंचाईत. जुना पासवर्ड एक ते आठ आकडे! तो काढून लांबलचक घातला. सिमकार्डाचं डोंगल खोचलं. केबल गेली की राउटर आपोआप त्यावरून नेट जोडतो. केबल उपसून पाहिली. मिनिटभरात नेट परत. स्वतःवरच खूश झाले.

१२ ऑक्टोबर
राउटरच्या नोंदी चाळल्या. 'कैलास' नावाचा एक फोन कालपासून सारखा जुना पासवर्ड टाकतोय. विठ्ठलभाऊंना विचारलं. ते म्हणाले, कैलास हा आधीचा भाडेकरू. शिमग्यात त्यानं बायकोवर, कोमलवर, कोयता चालवला. ती वाचली, दोन बोटं गेली. तो पोलिसांना सापडला नाही.

"त्यो लांब पळाला, ताई."

मी सांगितलं, भाऊ, हे वायफाय पलीकडच्या बंगल्यापुढे पोचत नाही.

१३ ऑक्टोबर
मी कळवल्यावर पोलीस आले. पलीकडचा बंगला मुंबईवाल्यांचा, बंदच असतो. बाहेरून कुलूप बघून गेले. नोंदी चालूच. दर पाच मिनिटांनी एक.

१४ ऑक्टोबर
बंगल्याचा कुत्रा सकाळी फाटकाला टांगलेला. गळा चिरलेला. भाऊंनी पुरला. मावशी म्हणाल्या, वडगावला माझ्या बहिणीकडं जा. उद्या जाते म्हटलं. आजचे कॉल सोडून जाता येईना.

१५ ऑक्टोबर, दुपार
नेट गेलं, डोंगलवर आलं. केबल बघायला बाहेर गेले. कापलेली. खाली विठ्ठलभाऊ. मानेत खोल वार, बोटं मातीत रुतलेली. मावशी धावत आल्या. दोघींनी ओढत आत आणलं. मावशींच्या मांडीवर गेले ते. मावशी रडल्यासुद्धा नाहीत.

पोलिसांना कळवलंय. घाटात गाड्या तुंबल्यात, अर्धा तास म्हणाले.

दाराला कपाट लावलंय. तो आलाय. फळीवर घाव घालतोय. आवाज मात्र अगदी शांत.

"कोमल, पासवर्ड का बदललास?"

मी कोमल नाही म्हणून सांगितलं. घाव वाढले —

खिडकी फोडली. हात आत. खिडकीजवळच्या राउटरचं डोंगल उपटलं. मावशींनी वरवंटा हाणला, मनगट मोडल्याचा आवाज — तो ओरडलाही नाही. परत दाराशी.

फळी फुटली. कोयत्याचं टोक दिसतंय. पोलीस आले तर कळावं म्हणून लिहितेय —

"कोमल, पासवर्ड सांग."

सांगितला. एकेक अक्षर.

घाव थांबले. कोयता खाली ठेवला. एकच हात चालतोय त्याचा, फोनवर टाइप करतोय — टकटक ऐकू येते —

मावशींनी कपाट सरकवलं. वरवंटा उचललाय. मला खुणेनं सांगतायत, कडी काढ. काढते आ